आठ हजार मैलांवरचे बेट

एखादे बेट बळकावायला किती वेळ लागतो? २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या सैन्याला फॉकलंड बेटांची राजधानी स्टॅन्ली ताब्यात घ्यायला एक सकाळ पुरली. तीच बेटे परत मिळवण्यासाठी ब्रिटनला ७४ दिवस लागले. त्यासाठी शंभराहून अधिक जहाजे समुद्रात उतरवावी लागली आणि २५५ माणसे गमवावी लागली. घेणे सोपे, परत घेणे अवघड असे आपण सहज म्हणून जातो. हे अवघड म्हणजे नेमके किती अवघड, याचा हिशेब या मोहिमेत अगदी स्पष्ट दिसतो. म्हणूनच ती आजही अभ्यासली जाते.

प्रथम ही बेटे आहेत कुठे, ते पाहू. दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर अगदी खाली या. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून पूर्वेला साधारण ५०० किलोमीटरवर दक्षिण अटलांटिक महासागरात ही बेटे आहेत. पूर्व फॉकलंड आणि पश्चिम फॉकलंड अशी दोन मोठी बेटे, आणि त्यांच्याभोवती शेकडो लहान बेटे. झाडे जवळजवळ नाहीतच. दलदल, खडक, गवत आणि सतत अंगावर येणारा वारा. १९८२ मध्ये तिथे जेमतेम १८०० माणसे राहत होती आणि मेंढ्या मात्र लाखोंनी होत्या. लोक ब्रिटिश वंशाचे, भाषा इंग्रजी, व्यवसाय लोकरीचा. लंडनपासूनचे अंतर सुमारे आठ हजार मैल, म्हणजे तेरा हजार किलोमीटरच्या आसपास.

या बेटांना अर्जेंटिनात 'माल्विनास' म्हणतात. स्पेनकडून स्वतंत्र झाल्यावर स्पेनच्या ताब्यातली ही बेटे वारशाने आपल्याकडे आली आणि १८३३ मध्ये ब्रिटनने ती बळाने घेतली, अशी तिथली धारणा आहे. शाळेतल्या मुलालाही हे शिकवले जाते. ब्रिटनचे म्हणणे असे की, १८३३ पासून आमचे राज्य अखंड आहे आणि तिथे राहणाऱ्या माणसांना आमच्यासोबतच राहायचे आहे. दोन्ही देशांनी बोलणी करून हा वाद मिटवावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाने १९६५ मध्ये केला होता. बोलणी झालीही. पण तोडगा निघाला नाही.

मग १९८२ मध्येच ठिणगी का पडली? याचे उत्तर दोन्ही राजधान्यांत शोधावे लागते. ब्वेनोस आयरेसमध्ये तेव्हा लष्करशहांची राजवट होती. जनरल लिओपोल्डो गाल्तिएरी हे तिचे प्रमुख. महागाई बेसुमार वाढली होती, हजारो विरोधक नाहीसे केले गेले होते आणि लोकांचा संयम संपत आला होता. ३० मार्च रोजी राजधानीत सरकारविरुद्ध मोठी निदर्शने झाली आणि पोलिसांनी ती चिरडली. त्यानंतर तीनच दिवसांनी बेटे घेतल्याची बातमी आली, तेव्हा त्याच चौकात गाल्तिएरींचा जयजयकार करायला गर्दी लोटली. घरच्या आगीवरून लोकांचे लक्ष उडवण्यासाठी सीमेवरचे जुने भांडण उकरून काढणे ही राज्यकर्त्यांची जुनीच युक्ती आहे.

लंडनचा दोष वेगळा होता. तिथे काटकसरीचे वारे वाहत होते. १९८१ मध्ये संरक्षण खर्चाचा फेरआढावा झाला आणि आरमाराला मोठी कात्री लागली. दक्षिण अटलांटिकमध्ये ब्रिटनचा झेंडा मिरवणारे 'एन्ड्युरन्स' हे एकच गस्ती जहाज होते. तेही परत बोलावण्याचे जाहीर झाले. 'इन्व्हिन्सिबल' ही विमानवाहू नौका ऑस्ट्रेलियाला विकायचे ठरले. 'हर्मिस' ही दुसरी विमानवाहू नौका निवृत्त होणार होती. त्याच वर्षीच्या नव्या नागरिकत्व कायद्यामुळे अनेक बेटवासीयांचे पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वही जाणार होते. ब्रिटनला या बेटांची फारशी फिकीर उरलेली नाही आणि आपण ती घेतली तर तो निषेधाचे खलिते पाठवून गप्प बसेल, असा अर्थ लष्करशहांनी यातून काढला. त्यांचा अंदाज चुकला. पण तो चुकावा अशी परिस्थिती लंडननेच निर्माण केली होती.

हल्ला होणार, असे गुप्तवार्ता सांगू लागल्या तेव्हा पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या भोवतीचे अनेक सल्लागार हतबल झाले होते. ३१ मार्चच्या संध्याकाळी नौदलप्रमुख ॲडमिरल हेन्री लीच गणवेशातच संसदेत त्यांना भेटायला आले. बेटे परत घेता येतील का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर होकारार्थी होते. घेता येतील आणि घेतलीच पाहिजेत, असे त्यांनी सांगितले. ज्या आरमाराला कात्री लागत होती त्याच आरमाराचा प्रमुख हे सांगत होता. २ एप्रिलला बेटे गेली. ३ एप्रिलला सुरक्षा समितीने ५०२ क्रमांकाचा ठराव करून अर्जेंटिनाला माघार घ्यायला सांगितले. ५ एप्रिलला परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला आणि त्याच दिवशी पोर्ट्समथ बंदरातून आरमार निघाले. 'इन्व्हिन्सिबल' त्यात होती आणि ताफ्याची प्रमुख नौका होती 'हर्मिस'.

ही 'हर्मिस' आपल्याला परकी नाही. भारताने ती १९८६ मध्ये विकत घेतली आणि १२ मे १९८७ रोजी ती 'आयएनएस विराट' या नावाने आपल्या नौदलात दाखल झाली. मुंबईकरांनी तिला गोदीत उभी असलेली पाहिले आहे. ६ मार्च २०१७ रोजी मुंबईतच ती सेवेतून निवृत्त झाली आणि २०२० मध्ये तोडण्यासाठी अलंगला नेली गेली. तीस वर्षे आपला पश्चिम सागर राखणाऱ्या या नौकेने त्याआधी एक संपूर्ण युद्ध आपल्या डेकवर पेलले होते.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. आठ हजार मैलांवर लढायचे म्हणजे बंदुकीची गोळी, डाळीचा दाणा, इंधनाचा थेंब, जखमीची पट्टी असे सारे काही सोबत न्यायचे. वाटेत आधार एकच, असेन्शन नावाचे ज्वालामुखीच्या राखेचे चिमुकले बेट. ते साधारण अर्ध्या वाटेवर येते. तिथे अमेरिकेने बांधलेली धावपट्टी होती. पोर्ट्समथहून निघताना घाई इतकी झाली होती की, जे सामान आधी लागणार ते जहाजाच्या तळाशी आणि जे मागाहून लागणार ते वर, अशी गत झाली. प्रवासाला निघाल्यावर औषधाची पिशवी ट्रंकेच्या तळाशी राहावी, तसेच हे झाले. असेन्शनला पोहोचल्यावर सारे सामान उपसून पुन्हा लावावे लागले.

नौदलाची जहाजे पुरणार नव्हती, म्हणून व्यापारी जहाजे ताब्यात घेण्यात आली. 'कॅनबेरा' हे सहलीचे आलिशान जहाज सैनिकांना वाहून नेऊ लागले. 'युगांडा' या जहाजावर इस्पितळ थाटले गेले. पुढे 'क्वीन एलिझाबेथ २' या प्रसिद्ध जहाजातून आणखी एक ब्रिगेड निघाली. त्या ब्रिगेडमध्ये गुरखा पलटणही होती. 'अटलांटिक कन्व्हेयर' या कंटेनर वाहणाऱ्या जहाजावर हेलिकॉप्टरे, तंबू आणि दारूगोळा लादला गेला. या जहाजाचे नाव लक्षात ठेवा, कारण पुढची बरीचशी कथा त्याच्याभोवती फिरते.

अंतराचा भार किती असतो, हे एका उदाहरणावरून कळेल. १ मे रोजी 'व्हल्कन' जातीच्या एका बॉम्बफेकी विमानाने असेन्शनवरून उडून स्टॅन्लीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. हे एक विमान तिथवर पोहोचून परत यावे, म्हणून आकाशात इंधन पाजणारी अकरा विमाने उडवावी लागली. त्यातल्या काहींनी व्हल्कनला इंधन द्यायचे आणि बाकीच्यांनी इंधन देणाऱ्यांनाच इंधन द्यायचे, अशी साखळी होती. एवढे करून २१ बॉम्बांपैकी एकच धावपट्टीवर पडला. अर्जेंटिनाची मालवाहू विमाने तिथे शेवटपर्यंत उतरत राहिली.

पण अंतर अर्जेंटिनालाही नडले. स्टॅन्लीची धावपट्टी आखूड होती आणि वेगवान लढाऊ विमानांसाठी ती वेळेत वाढवली गेली नाही. त्यामुळे अर्जेंटिनाच्या वैमानिकांना मायभूमीवरूनच उडावे लागे. बेटांवर पोहोचेपर्यंत इंधन इतके संपत आलेले असे की, लढायला काही मिनिटेच हाती उरत. तरीही ते आले आणि विलक्षण धैर्याने आले. त्यांच्याकडे लढाऊ विमाने शंभराहून अधिक होती. ब्रिटनच्या दोन विमानवाहू नौकांवर मिळून सुरुवातीला 'सी हॅरियर' विमाने अवघी वीस होती. दोन नौकांपैकी एक जरी बुडाली असती तरी मोहीम तिथेच संपली असती. म्हणून ताफ्याचे सेनानी रिअर ॲडमिरल सँडी वुडवर्ड यांनी 'हर्मिस'ला बेटांपासून पूर्वेकडे दूर, शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेर ठेवले. किनाऱ्यावरचे सैनिक यावरून कुरकुर करीत. पण वुडवर्ड यांचे गणित बरोबर होते.

समुद्रावरचे युद्ध मेच्या पहिल्या आठवड्यातच पेटले. २ मे रोजी ब्रिटनच्या 'कॉन्करर' या पाणबुडीने 'जनरल बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची क्रूझर बुडवली. ३२३ जण मृत्युमुखी पडले. या युद्धात अर्जेंटिनाने गमावलेल्या माणसांपैकी हे जवळजवळ निम्मे. ती नौका ब्रिटनने जाहीर केलेल्या २०० मैलांच्या निषिद्ध क्षेत्राच्या बाहेर होती, त्यामुळे हा हल्ला न्याय्य होता का, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. युद्धाच्या दृष्टीने परिणाम मात्र निर्णायक झाला. अर्जेंटिनाचे आरमार बंदरात परतले आणि पुन्हा बाहेर आले नाही. दोनच दिवसांनी उलट तडाखा बसला. फ्रेंच बनावटीचे 'एक्झोसेट' क्षेपणास्त्र 'शेफील्ड' या विनाशिकेवर आदळले आणि २० नौसैनिक दगावले. विमानातून सोडायची अशी क्षेपणास्त्रे अर्जेंटिनाजवळ फक्त पाच होती. ती पंचवीस असती तर काय झाले असते, हा प्रश्न ब्रिटिश अधिकाऱ्यांना पुढे पुष्कळ दिवस छळत राहिला.

२१ मेच्या पहाटे ब्रिटिश सैन्य पूर्व फॉकलंडच्या पश्चिम बाजूला, सॅन कार्लोसच्या खाडीत उतरले. स्टॅन्ली बेटाच्या दुसऱ्या टोकाला. अर्जेंटिनाची फौज राजधानीभोवती दबा धरून बसली होती, म्हणून ही आडबाजू निवडली होती. उतरताना विरोध फारसा झाला नाही. पण दिवस वर आला आणि विमाने आली. पुढच्या काही दिवसांत त्या परिसरात 'आर्डेंट', 'अँटिलोप' आणि 'कोव्हेंट्री' या तीन युद्धनौका गेल्या. आणखीही जाऊ शकल्या असत्या. वैमानिक इतक्या खालून बॉम्ब टाकत होते की, बॉम्बच्या कळीला जागे व्हायला वेळच मिळत नसे. अनेक बॉम्ब जहाजात घुसून न फुटता पडून राहिले.

२५ मे हा अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रे ताफ्यावर सोडली गेली. युद्धनौकांनी त्यांना चकवले, पण ती 'अटलांटिक कन्व्हेयर'वर जाऊन आदळली. कप्तान इयन नॉर्थ यांच्यासह बारा जण गेले. सोबत आलेली हॅरियर विमाने सुदैवाने आधीच दुसरीकडे हलवली होती. पण तीन प्रचंड 'चिनूक' हेलिकॉप्टरे, 'वेसेक्स' हेलिकॉप्टरे आणि हजारो सैनिकांचे तंबू समुद्रात गेले. चौथे चिनूक त्या वेळी हवेत होते, म्हणून तेवढे वाचले.

सैन्याला हेलिकॉप्टरने स्टॅन्लीच्या जवळ न्यायचे असा बेत होता. तो या एका तडाख्याने कोलमडला. मग उरला एकच मार्ग, पायी जाण्याचा. मरीन आणि पॅराशूट पलटणींचे सैनिक पाठीवर तीस-चाळीस किलो वजन घेऊन, दलदलीतून, पावसात, गोठवणाऱ्या वाऱ्यात सुमारे ८० किलोमीटर चालत गेले. बूट कधी वाळले नाहीत, पाय सडू लागले. बेटावरचे शेतकरी आपले ट्रॅक्टर घेऊन मदतीला आले आणि दारूगोळा ओढू लागले. आधुनिक युद्ध म्हणतात त्याचा मोठा हिस्सा अखेर माणसाच्या पाठीवर आणि ट्रॅक्टरच्या मागे बांधलेल्या गाडीवर येऊन पडला.

वाटेत गूस ग्रीनची लढाई झाली. तिथल्या ११४ रहिवाशांना सामाजिक सभागृहात जवळजवळ महिनाभर कोंडून ठेवलेले होते. नभोवाणीवर बोलणाऱ्याने इथला एक प्रसंग सांगायलाच हवा. हल्ल्याच्या आदल्या दिवशी बीबीसीच्या जागतिक सेवेने बातमी दिली की, पॅराशूट पलटण गूस ग्रीनच्या जवळ पोहोचली आहे. ती बातमी त्या पलटणीनेही माळावर दडून बसलेली असताना ऐकली. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल एच. जोन्स संतापाने लाल झाले. बातमी लंडनहून फुटली होती. त्याचा शत्रूला कितपत उपयोग झाला, याबद्दल मतभेद आहेत. दुसऱ्या दिवशी जोन्स त्या लढाईत मारले गेले. पलटणीने गाव जिंकले आणि जवळपास हजार जण कैद झाले.

हेलिकॉप्टरांच्या तुटवड्याची किंमत ८ जूनला पुन्हा द्यावी लागली. नव्याने आलेल्या वेल्श गार्ड्सना पुढे न्यायला वाहन नव्हते, म्हणून त्यांना 'सर गॅलाहॅड' या जहाजातून फिट्झरॉयपर्यंत नेले. जहाज दिवसाढवळ्या उघड्या पाण्यात उभे होते, सैनिक उतरायचे होते, आणि विमाने आली. ४८ जण मेले, कित्येक जण भाजून कायमचे विद्रूप झाले. 'अटलांटिक कन्व्हेयर'ला तडाखा बसला २५ मे रोजी, पण त्याचे परिणाम असे पुढे पुढे पोहोचत राहिले.

समोरच्या खंदकात कोण होते? बरीचशी अठरा-वीस वर्षांची पोरे. सक्तीच्या भरतीतून आलेली. काही उष्ण प्रदेशातली, त्यांनी अशी थंडी कधी पाहिली नव्हती. स्टॅन्लीत अन्नाचे साठे होते, पण डोंगरातल्या खंदकापर्यंत ते नीट पोहोचत नव्हते. भुकेपोटी मेंढी मारणाऱ्या सैनिकांना त्यांच्याच अधिकाऱ्यांनी थंडीत हातपाय बांधून जमिनीवर पाडून ठेवल्याच्या तक्रारी पुढे न्यायालयापर्यंत गेल्या. रसदीचा प्रश्न म्हणजे केवळ जहाजांचा आणि मैलांचा नसतो. बंदरापासून काही किलोमीटरवर भाकरी न पोहोचणे, हाही पराभवच. तरीही डोंगरांवर यांतले अनेक जण चिवटपणे लढले.

११ जूनच्या रात्रीपासून शेवटच्या चढाया सुरू झाल्या. लाँगडन, हॅरिएट, टू सिस्टर्स, मग वायरलेस रिज आणि टम्बलडाउन. अंधारात, खडकांतून, संगिनीने. त्याच सुमारास ब्रिटिश नौकेचा एक गोळा स्टॅन्लीतल्या घरावर पडला आणि तीन स्त्रिया दगावल्या. ज्यांच्यासाठी ही मोहीम निघाली होती, त्या बेटवासीयांपैकी या युद्धात मेलेल्या तेवढ्याच तिघी. १४ जूनला अर्जेंटिनाचे सेनापती जनरल मारिओ मेनेंडेझ यांनी मेजर जनरल जेरेमी मूर यांच्यापुढे शरणागती लिहून दिली. मसुद्यातला 'विनाशर्त' हा शब्द त्यांनी तेवढा खोडला.

जिंकणाऱ्यांची अवस्था तरी काय होती? तोफांचे गोळे संपत आले होते, हिवाळा सुरू झाला होता, महिनोन् महिने समुद्रात उभी असलेली जहाजे खिळखिळी होत होती. जूनच्या मध्याच्या आसपास जमिनीवरचे युद्ध संपलेच पाहिजे, पुढे आरमार टिकणार नाही, असा हिशेब वुडवर्ड यांनी आधीच मांडला होता. विजय मिळाला तो मुदत संपता संपता.

सुमारे चार हजार कैदी घेऊन 'कॅनबेरा' १९ जूनला अर्जेंटिनाच्या पुएर्तो माद्रिन गावी लागले. ही पोरे कुणाच्या नजरेस पडू नयेत अशी लष्कराची इच्छा होती. गावकऱ्यांनी मात्र कडे मोडून त्यांना घरी नेले, जेवू घातले. गावातला पाव संपला. तो दिवस माद्रिनमध्ये आजही पाव संपल्याचा दिवस म्हणूनच आठवला जातो. अर्जेंटिनाने एकूण ६४९ माणसे गमावली होती. गाल्तिएरींना काही दिवसांतच पायउतार व्हावे लागले आणि १९८३ च्या निवडणुकीने तिथे लोकशाही परतली.

आणि ब्रिटन? 'इन्व्हिन्सिबल'ची विक्री रद्द झाली. 'एन्ड्युरन्स' सेवेत राहिले. १९८३ मध्ये कायदा करून बेटवासीयांना पूर्ण नागरिकत्व दिले गेले. १९८५ मध्ये माउंट प्लेझंट येथे मोठा विमानतळ उघडला आणि कायमची शिबंदी बसली. आपल्याकडे याला बैल गेला आणि झोपा केला असे म्हणतात. यातली निम्मी दक्षता १९८१ मध्ये दाखवली असती, तर कदाचित कुणाला पोर्ट्समथहून निघावेच लागले नसते. एका गस्ती जहाजाचा खर्च वाचवण्याच्या नादात ती काटकसर शेवटी कुणाच्या माथी आली, ते आपण पाहिलेच.

वाद मात्र मिटलेला नाही. २०१३ च्या सार्वमतात बेटवासीयांनी ब्रिटनच्या बाजूने १५१३ मते दिली आणि विरोधात तीन. अर्जेंटिनाने आपला दावा सोडलेला नाही. खंदकांभोवती पेरलेले सुरुंग काढून संपायला २०२० साल उजाडले.

गूस ग्रीनजवळ डार्विन इथे अर्जेंटिनाच्या सैनिकांची दफनभूमी आहे. जेफ्री कार्डोझो या ब्रिटिश कप्तानाने १९८३ मध्ये माळावर विखुरलेले मृतदेह गोळा करून तिथे पुरले. ज्यांची ओळख पटली नाही अशा १२१ थडग्यांवर 'केवळ देवालाच ठाऊक असलेला अर्जेंटिनी सैनिक' असे कोरले होते. कोण कुठे सापडला, जवळ काय होते, याच्या बारीक नोंदी कार्डोझो यांनी ठेवल्या होत्या. २००८ मध्ये त्यांनी त्या हुलिओ आरो या अर्जेंटिनाच्या माजी सैनिकाच्या हाती दिल्या. दोन्ही सरकारे मान्य झाल्यावर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने थडगी उघडली आणि नातेवाइकांच्या डीएनएशी तपासणी जुळवली. शंभराहून अधिक जणांची ओळख पटली. मार्च २०१८ मध्ये त्यांचे नातेवाईक डार्विनला गेले. तोवर पस्तीस वर्षे उलटून गेली होती. आपला मुलगा कुठे आहे, हे त्यांतल्या म्हाताऱ्या आयांना त्या दिवशी पहिल्यांदा नावानिशी वाचता आले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)